मुकुलचं जहाज आणि परतूरकरांची पाणबुडी

गिरिधर परतूरकर वीज मंडळाच्या ऑफिसात नोकरीला होते, पण जालन्याच्या मस्तगड भागात त्यांना ओळखायचे ते गणपतीच्या देखाव्यांमुळं. गाडीच्या वायपरची मोटर, सायकलची चेन, थोडं प्लायवूड एवढ्यावर ते हत्तीला सोंड उचलायला लावत आणि धरणाचे दरवाजे उघडून दाखवत. हलत्या देखाव्याचं पहिलं बक्षीस त्यांच्याच गणेश मंडळाचं, हे गावात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. परतूरकरांनी तर पक्कंच.

मुकुल त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. कॉलेजात असल्यापासून यायचा, वायरिंग करायचा, चुकला की बोलणी खायचा. मग त्याला एमआयडीसीत एका पोलादाच्या कारखान्यात नोकरी लागली आणि दोन गल्ल्या पलीकडच्या मंडळानं त्याला देखावा करायला बोलावलं. मे महिन्यात पाकिस्तानशी झालेल्या त्या चार दिवसांच्या लढाईनंतर पोरासोरांच्या तोंडी फौजेशिवाय विषय नव्हता. मुकुलनं जाहीर केलं, यंदा विमानवाहू जहाज. खऱ्या पाण्यावर तरंगणारं, आणि त्यावरून विमानं उडणार.

ही बातमी परतूरकरांना त्यांच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष तातेराव यांनी चहाच्या टपरीवर सांगितली.

"खऱ्या पाण्यावर?" परतूरकर म्हणाले. "नळाला आठ-आठ दिवस पाणी न्हाई, अन् हा समुद्र करून राह्यला?"

"बोअरचं पाणी घेणार म्हणे. तीस फुटाचं जहाज आहे, साहेब. मी बघून आलो ना. जबरदस्त!"

ते 'जबरदस्त' परतूरकरांच्या छातीत रुतलं. इतकी वर्षं तातेराव त्यांच्या देखाव्याला 'चांगलं झालं' म्हणत आले होते. जबरदस्त कधीच म्हणाले नव्हते.

त्या दिवसापासून त्यांचं अन्नावरचं मन उडालं. ऑफिसातून येताना ते वाकडी वाट करून मुकुलच्या मांडवावरून जायचे आणि ताडपत्रीच्या फटीतून बघायचे. जहाजाची करड्या रंगाची पाठ दिसायची. पुढचं टोक वर उचललेलं, घसरगुंडी उलटी ठेवावी तसं. मुकुल कुठंही गेला की "हे सगळं परतूरकर काकांकडून शिकलो" म्हणायचा. ते कानावर आलं की परतूरकरांची आग जास्तच व्हायची. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्यांना वाटायचं.

मग त्यांना एक रस्ता सुचला. हा विषयच कसा टाकाऊ आहे ते दाखवून द्यायचं. त्यांनी विमानवाहू जहाजांवर मिळेल ते वाचायला घेतलं. मोबाइलवर निवृत्त नौदल अधिकाऱ्यांची भाषणं ऐकली, कानात वायर घालून, जेवतानासुद्धा.

"अहो, भाजीत मीठ आहे का नाही ते तरी सांगा," त्यांची बायको रजनी म्हणायची.

"एवढं मोठं जहाज! आकाशातून उपग्रह बघतो त्याला," ते म्हणायचे. "हजार-दीड हजार किलोमीटरवरून क्षेपणास्त्र येतं. पाण्याखाली पाणबुडी. वरून ड्रोन. आजच्या लढाईत ते जहाज म्हणजे निव्वळ तरंगतं निशाण आहे."

"मी मिठाचं विचारलं."

टपरीवर, ऑफिसात, जिन्यात, जो भेटेल त्याला ते हेच ऐकवू लागले. आणि त्यातूनच त्यांना आपल्या मंडळाचा देखावा सापडला. पाणबुडी. पत्र्याची काळी पाणबुडी खालून सरकत येणार, पाणतीर सोडणार, आणि समोरचं विमानवाहू जहाज कलंडून निळ्या कापडाच्या समुद्रात बुडणार. सुट्ट्या टाकून ते कामाला लागले. जहाज कलंडवणारा दांडा बसला त्या दुपारी त्यांनी एकट्यानंच तो पुन्हा पुन्हा चालवून पाहिला. प्रत्येक वेळी जहाज बुडालं की त्यांना बरं वाटायचं. महिनाभरात पहिल्यांदा भूक लागली.

तातेरावांनी देखावा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "साहेब, गणपतीपुढं आपण जहाज बुडवून राह्यलो का?"

"शत्रूचं आहे ते."

"पण मुकुलच्या जहाजासारखंच दिसतं की. रंग तोच, पुढचं टोक तसंच."

"सगळी विमानवाहू जहाजं सारखीच असतात," परतूरकर म्हणाले. ते खरं नव्हतं. अमेरिकेच्या जहाजांचं टोक सपाट असतं, विमानाला यंत्रानं ओढून फेकतात, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण उचललेल्या टोकाचं जहाज बुडवण्यात जे समाधान होतं, ते सपाट टोकाच्या जहाजात नव्हतं.

गणपती बसले. परतूरकरांच्या मांडवात लोक यायचे, पाणबुडी सरकली की पोरं टाळ्या वाजवायची, आणि जहाज कलंडलं की गप्प व्हायची. एक लहान मुलगी तर रडायलाच लागली, "आपलं जहाज बुडालं!" तिची आई परतूरकरांकडं बघत तिला बाहेर घेऊन गेली. पलीकडच्या गल्लीतून मात्र दर थोड्या वेळानं आरोळी उठायची. विमान उडालं, हे इकडं बसून कळायचं. रजनीही जाऊन बघून आली.  तिच्या चेहऱ्यावर जत्रेतून आल्यासारखा आनंद होता आणि तो त्यांनी पाहिला.

परीक्षकांची फेरी पाचव्या दिवशी आली. त्यांत कल्याणी मॅडम होत्या, कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायच्या, आणि दोघं जण महानगरपालिकेकडचे. परतूरकरांचा देखावा त्यांनी नीट पाहिला. "यंत्रणा उत्तम आहे," मॅडम म्हणाल्या आणि पुढं निघाल्या. परतूरकरांना घरी जायचं होतं. पण पाय परीक्षकांच्या मागं मागं गेले. तातेरावही आले.

मुकुलच्या मांडवात गर्दी मावत नव्हती. पाण्यावर जहाज हलकेच डुलत होतं. मुकुलनं बटण दाबलं. खालच्या मजल्यावरून लिफ्टनं एक विमान वर आलं, धावपट्टीवर सरळ झालं, वेगानं पुढं पळालं आणि उचललेल्या टोकावरून हवेत गेलं. वर बांधलेल्या बारीक तारेवरून गोल फिरून मागून उतरलं, आणि धावपट्टीवर आडव्या ताणलेल्या दोरीत त्याच्या शेपटीचा आकडा अडकून जागीच थांबलं. मांडव दणाणला. परतूरकर शोधत होते, कुठं अडखळतंय का, कुठं मोटर कण्हतेय का. कुठंच नाही. तो आकडा आपल्याला कधी सुचला नसता, हे त्यांना कळलं.

कल्याणी मॅडम मुकुलकडं वळल्या. "छान केलंय. पण मला सांग, ही जहाजं आता जुनी झाली असं म्हणतात ना? लांबून क्षेपणास्त्र मारलं की संपलं. मग एवढा खर्च कशाला? तरंगतं निशाणच झालं ते."

मुकुल गोंधळला. "मॅडम, ते... मला मशिनरीचंच माहीत आहे."

परतूरकरांचेच शब्द होते ते. महिनाभर ते हेच बोलत आले होते. आता नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. पण दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकताना त्यांना ते इतके अर्धवट वाटले, की राहवेना.

"इतकं सोपं न्हाई ते, मॅडम," ते मागूनच बोलले. लोकांनी वाट करून दिली. "क्षेपणास्त्राला आधी जहाज सापडावं लागतं. अन् हे एका जागी बसत न्हाई. आज इथं दिसलं तर उद्या याच वेळेला शेकडो किलोमीटर दूर. ते एकटंही नसतं. भोवती विनाशिका असतात, खाली आपली पाणबुडी, वर पाणबुड्या हुडकणारी हेलिकॉप्टरं. त्याची विमानं एवढ्या लांबवर पहारा देतात, की शत्रूला जवळ येण्याआधीच दहादा विचार करावा लागतो."

"म्हणजे धोका नाही?"

"आहे ना. पूर्वीपेक्षा जास्तच आहे. पण जमिनीवरचा विमानतळ हलवता येत न्हाई, हा येतो. जिथं आपला एकही विमानतळ न्हाई, तिथं आपली विमानं नेऊन उभी करतो. एकाहत्तर साली विक्रांत पूर्वेच्या समुद्रात गेली, तर पाकिस्ताननं तिला बुडवायला खास पाणबुडी धाडली होती. निकामी चीज असती, तर तिच्या मागं कोणी पाणबुडी लावली असती का?"

"तुम्हीच लावली की, साहेब!" तातेराव मागून बोलून गेले.

सगळा मांडव हसला. मॅडमनाही हसू आवरलं नाही. फक्त मुकुल हसला नाही. परतूरकरांचे कान लाल झाले होते. ते वळले आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले.

पहिलं बक्षीस मुकुलच्या मंडळाला मिळालं. परतूरकरांच्या वाट्याला उत्तेजनार्थ आलं. ते आणायला तातेराव गेले.

विसर्जनानंतर मुकुल पेढे घेऊन घरी आला. परतूरकर आतल्या खोलीत होते. बाहेर यावं की नाही, असं करत करत आले.

"काका, त्या दिवशी तुम्ही बोलले म्हणून निभावलं."

"तुझ्यासाठी न्हाई बोललो मी."

"मंग?"

"त्या चुकीचं बोलत होत्या."

 पुढच्या वर्षी दोघांनी मिळून एकच देखावा करावा, असं मुकुलनं चाचरत सुचवलं. परतूरकरांनी बघू म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. म्हणाले, "तुझं तुला जमतंय आता." मुकुलला ते कौतुक वाटलं. तो पाया पडून गेला.

रजनीनं पेढा पुढं केला. "घ्या की."

परतूरकरांनी तो तोंडात टाकला, बराच वेळ चघळला. "तो आकडा," ते शेवटी म्हणाले, "दोरीत बराबर कसा अडकतो दर वेळेला?"

"त्यालाच विचारायचं होतं ना. आत्ता इथंच तर होता."

"त्याला कशाला विचारू?" असं म्हणून ते गच्चीवर ठेवलेल्या आपल्या देखाव्याच्या सामानाकडं गेले.