नळीचं दुसरं टोक

लेव्हलमामांचा स्वतःच्या डोळ्यांवर काडीचा विश्वास नव्हता. मामींना घेऊन कुणाच्याही घरी गेले की चहा यायच्या आत ते खांद्यावरची पारदर्शक नळी उतरवायचे, तिच्यात पाणी भरायचे आणि ओट्याचा नाहीतर न्हाणीचा ढाळ बघायला लागायचे. घरधन्यानं हौसेनं बसवलेली फरशी असली तरी भिंतीवर खडूच्या दोन खुणा करून सांगणारच, "बोटभर खाली बसली बगा." माणसं चिडायची. पण पुढच्या बांधकामाला बोलावणं मामांनाच जायचं.

मामा गवंडी. रेणापूर ते चाकूर या पट्ट्यातल्या कितीतरी घरांचे पाये त्यांच्या हातचे. त्यांचं स्वतःचं दोन खोल्यांचं घर मात्र स्टँडमागच्या वस्तीत, अगदी खालच्या टोकाला. ते त्यांनी आणि मामींनी मिळून बांधलेलं. लेव्हलच्या नळीची दोन्ही टोकं दोन ठिकाणी धरून पाण्याची पातळी बघावी लागते, म्हणून तिला दोन माणसं लागतात, आणि दुसरं टोक धरायला मामांनी मामींशिवाय कुणाला कधी लावलं नाही. "माझी लेवल हिच्या हातात हाय," असं ते चारचौघांत सांगायचे आणि मामी तोंडाला पदर लावून हसायच्या.

मी तेव्हा नगरपंचायतीत कंत्राटी लिपिक होतो. सभेचं इतिवृत्त लिहिणं माझ्याकडे. मामा एकही सर्वसाधारण सभा चुकवत नसत. दाराजवळची शेवटची खुर्ची त्यांची. बाहेरच्यांना सभेत बोलता येत नाही, म्हणून सभा उठल्यावर मी कागद गोळा करत असताना ते माझ्याशी बोलायचे. एकदा त्यांनी सभागृहाच्याच फरशीवर पेलाभर पाणी ओतून बघितलं. "ढाळ अध्यक्षांच्या खुर्चीकडं हाय," म्हणाले, "म्हणून समदं तिकडंच वाहत जातंय." शिपाई आणि मी पोट धरून हसलो. मामा हसले नाहीत.

त्या वर्षी दोन विषय फिरून फिरून यायचे. एक वस्तीतली नाली आणि दुसरा मार्केटची पार्किंग वाढवणं. नाली निघाली की चर्चा खर्चावर अडायची. एक सदस्य म्हणायचे, वस्तीनं लोकवर्गणी काढावी. दुसरे म्हणायचे, उघडी नाली नको, पाइप टाका. तिसरे चहाचं विचारायचे. मग विषय पुढच्या सभेवर. पार्किंगचं तसं नव्हतं. दुकानदारांच्या गिऱ्हाइकांना गाड्या लावायला जागा नाही, तेव्हा शेजारच्या मोकळ्या जागेत मुरूम भरा, उंच करा, वर ब्लॉक बसवा, यावर सगळ्यांचं एकमत. वस्तीचं सगळं पाणी त्याच जागेतून ओढ्याला जातं, हे एकट्या मामांच्या ध्यानात होतं.

"पान्याला ठराव वाचता येत न्हाई, बापू," ते मला म्हणाले, आणि एका रविवारी मला त्या जागेवर घेऊन गेले. मामींना अर्धांगवायू होऊन वर्ष झालं होतं, त्यामुळे दुसरं टोक माझ्या हातात आलं. भरावाची उंची दाखवायला ठोकलेल्या खुंटीपाशी मी उभा, मामा आपल्या उंबऱ्यापाशी. नळीतलं पाणी काही केल्या हलेना. मामा तिकडून ओरडले, "अंगठा काढ की तोंडावरचा! कोंडलेलं पानी खोटं दावतंय!" मी अंगठा काढला तसं पाणी सरसर सरकलं आणि थांबलं. भराव मामांच्या उंबऱ्यापेक्षा गुडघाभर उंच होणार होता.

त्याच संध्याकाळी मी त्यांची हरकत लिहून दिली. एकेक वीट ठेवावी तशी एकेक अक्षर ठेवत त्यांनी सही केली. हरकतींची मुदत शुक्रवारपर्यंतची, त्याच्या आत तो अर्ज आवक रजिस्टरला चढायला हवा होता. मी चढवतो म्हणालो. पण मोठ्या साहेबांनी, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांनी, तो वाचला आणि परत माझ्या टेबलावर ठेवला. "मुदत संपल्यावर चढवा," एवढंच म्हणाले, आवाजही चढवला नाही. माझ्या कंत्राटाच्या मुदतवाढीचा कागद तेव्हा त्यांच्याच टेबलावर होता. मी अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला. आणि इतिवृत्तात माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं : हरकती निरंक, ठराव सर्वानुमते मंजूर. लिहिताना लाज वाटली, हे खरं आहे. पण हात थांबला नाही, हेही खरं आहे.

भराव पुरा झाला आणि पोळ्याच्या आठवड्यात दोन दिवस पाऊस लागला. पाणी भरावाला धडकलं आणि वस्तीत मागे फिरलं. मामांनी मामींची खाट विटांवर चढवली. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, म्हणून खाटेवर पाण्याची ताटली ठेवून ती सरळ आहे का बघितली, असं शेजारच्या बाईंनी मला सांगितलं. घरात तीन दिवस पाणी होतं. मामींची छाती भरली. नांदेडच्या दवाखान्यात नेलं, तिथून त्या परत आल्या नाहीत.

मामींच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मामा कार्यालयात आले. "त्या ठरावाचा कागद वाचून दाव, बापू." मी वाचू लागलो आणि निरंक या शब्दाशी अडखळलो.

"मंजी?"

"एकही हरकत आली नाही, असं."

"आनि माझा कागद?"

मी ड्रॉवर उघडला. कागद होता तसाच होता. मामांनी तो हातात घेतला, आपल्या सहीवरून बोट फिरवलं. त्यांनी मला शिव्या द्याव्यात, फार तर एक थोबाडीत ठेवून द्यावी, असं मला मनापासून वाटत होतं. ते म्हणाले, "लिवलं हुतंस मातर लई चांगलं."

मग खांद्यावरची नळी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. लेकीकडे चाललो म्हणाले, नांदेडला, तिसऱ्या मजल्यावर. दारापर्यंत गेले तेव्हा मी हाक मारली, "मामा, नळी राहिली."

"ऱ्हाऊ दे. तिला दोन मानसं लागत्यात."

गेल्या हिवाळ्यात मामा तिकडेच वारले. मला कळलं ते महिन्याभरानं. मी आता कायम झालो आहे. परवाच्या सभेत नाली पुन्हा निघाली, आणि विषय पुढील सभेत घ्यावा असं मी पुन्हा लिहिलं. नळी त्याच ड्रॉवरमध्ये आहे. ती घेऊन एकदा वस्तीत जावं, असं खूपदा मनात येतं. पण दुसरं टोक धर, असं तिथं कुठल्या तोंडानं कुणाला म्हणू?