किल्लीवाल्याच्या घरातली दारं

किल्लीवाल्याच्या घरात आतलं एकही दार लागत नसे, याचं गल्लीतल्या लोकांना भारी हसू यायचं. दिवसभर हा माणूस लोकांना कुलपं विकायचा, किल्ल्या घासून द्यायचा, अडकलेले लॅच सोडवायचा, आणि घरी आला की हातपाय धुवायला जातानाही दार वीतभर उघडं ठेवायचा. कारण दार लागलं रे लागलं की मोरी गळा काढायची. साधंसुधं भुंकणं नव्हे. मान वर, डोळे मिटलेले, घरात कुणी गेल्यासारखा सूर. मग जिना त्यात आपला सूर मिसळायचा, गॅलरी उगाच स्वतःभोवती गोल फिरायची, आणि मुळातच भित्रा असलेला खोका शिवणयंत्राखाली शिरून चाललेली शिवण वाकडी करून ठेवायचा.

मोरी, जिना, गॅलरी आणि खोका ही त्या घरातल्या चार कुत्र्यांची नावं. जे जिथून उचललं, तेच त्याचं नाव पडलं. किल्लीवाल्याला घरमालकांची बोलावणी यायची. भाडेकरू निघून गेला, किल्ली दिली नाही, जरा दार उघडून द्या. तो जायचा, गुडघे टेकून कुलपाला कान लावायचा, तारेनं खुडखुड करायचा आणि दार उघडायचा. आत एखादी मोडकी खुर्ची असायची, जुनं कॅलेंडर असायचं आणि कधीकधी मागे टाकलेलं एखादं कुत्रं असायचं. घरमालक हात वर करायचा. किल्लीवाल्याला मात्र हात वर करणं जन्मात जमलं नाही.

"लोकांचे नवरे कामावरून येताना भाजी आणतात," बायको म्हणायची. "अहो, तुम्ही कुलपं उघडायला जाता की कुत्री गोळा करायला?"

पण प्रत्येक वेळी आपली जुनी शाल काढून कोपऱ्यात अंथरली ती तिनंच. आता तिच्याकडे शाल उरली नव्हती आणि थंडीत ती नवऱ्याचा स्वेटर घालून शिवायला बसायची. ती शाळांचे गणवेश शिवून द्यायची. गडद निळ्या कापडावर चार कुत्र्यांचे चार रंगांचे केस बसायचे, आणि गठ्ठा बांधण्याआधी एकेक सदरा चिकटपट्टीनं साफ करता करता तिची कंबर धरायची. एकदा शाळेतून निरोप आला होता, की बाई, सदऱ्यांना बटणं लावायची असतात, शेपट्या नव्हे. तेव्हापासून गॅलरीला यंत्राच्या खोलीत यायला बंदी होती. दार लावता येत नसल्यामुळे ती बंदी गॅलरीनं कधी मनावर घेतली नाही.

मुलीचं दुखणं वेगळं होतं. ती हिशेबनिसाच्या परीक्षेला बसत होती आणि तिला फक्त एक बंद खोली हवी होती. "बाबा, तू सगळ्या गावाला कड्या बसवून देतोस," ती म्हणायची, "मला एक कडी दे, बस. बाकी काही मागत नाही मी." नवराबायकोला भांडायचं झालं तरी उघड्या दारातच भांडावं लागे, आणि मग आतून मुलीचा निकाल यायचा. "आई, या वेळी बाबाचं बरोबर आहे." असल्या पंचासमोर भांडण रंगणार तरी कसं?

मात्र मुलगी पहिल्यांदा नापास झाली, तेव्हा तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. उशीत तोंड खुपसून आवाज न करता रडत होती. बायको स्वयंपाकघरात चौघांची भांडी भरत होती, आणि भांडी वाजली तरी एकही कुत्रं आलं नाही. असं त्या घरात कधी झालं नव्हतं. ती डाव हातात घेऊनच बघायला गेली. तिघं पलंगावर, खोका पलंगाखाली, आणि मुलीचं नाक लाल. त्या दिवशी चौघांना जेवण पलंगावरच वाढलं गेलं. चादर कुणी धुवायची यावर दुसऱ्या दिवशी भांडण झालं, ते सोडा.

तर दारं उघडी होती ती मोरीसाठी. तीन वर्षांपूर्वी किल्लीवाल्यानं एका गच्चीवरच्या खोलीचं कुलूप उघडलं होतं. वर पत्रा, ऐन उन्हाळा, आत भट्टी पेटल्यासारखं. भाडेकरू बाई दोन दिवसांपासून बेपत्ता होत्या आणि खालच्यांना वरून रडणं ऐकू येत होतं. त्या खोलीतल्या मोरीचं दार बाहेरून कडी लावलेलं. ते उघडलं तर आत ओल्या फरशीवर ही कुत्री पडलेली, आणि नळाची बारीक धार टपातून वाहत होती. "नळ गळका होता म्हणून वाचली," हे किल्लीवाल्यानं नंतर किती जणांना सांगितलं असेल, त्याला गणती नाही. आणि वाऱ्यानं दार आपटून मोरी थरथरायला लागली की घरातलं कुणीतरी त्या न पाहिलेल्या बाईच्या नावानं बोटं मोडायचं. बायको मोडायचीच, पण मुलगीही मोडायची, जिला एरवी शिव्या आवडत नसत. त्या घराचा जणू तो नेमच झाला होता.

एके दिवशी दुपारी दुकानात एक बाई आल्या. हातात काठी, उजवा हात अंगाला चिकटलेला. त्यांनी फळीवर एक किल्ली ठेवली आणि शब्द शोधत शोधत म्हणाल्या, "दुसरी. अशीच. एक."

किल्लीवाल्यानं किल्ली घासून दिली, मूळ किल्ली आणि नवी दोन्ही त्यांच्या तळहातावर ठेवली. गिऱ्हाइकाची किल्ली आपल्याकडे क्षणभरही जास्त ठेवायची नाही, हा त्याच्या उस्तादाचा नियम. ज्याच्याकडे लोकांच्या किल्ल्या सापडल्या, तो किल्लीवाला संपला.

बाई हलल्या नाहीत. "घरमालक म्हणाला, कुत्री... तुम्ही नेलीत. गच्चीवरची."

किल्लीवाल्यानं कानस उगाच पुसायला घेतली. "कुठली कुत्री?" तो म्हणाला. त्याला पक्कं माहीत होतं, कुठली. मेली म्हणून सांगावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याआधी तीन वर्षांचा राग बाहेर पडला. "तुम्ही तिला मोरीत कोंडून गेलात! बाहेरून कडी लावून! मुकं जनावर हो ते!"

बाईंनी मान हलवली. मग एकेक शब्द जोडत सांगायला लागल्या, आणि त्याला पहिल्यांदा कळलं की काही माणसांचं बोलणं ऐकायला कुलपाला लावतो तसाच कान लावावा लागतो. दुपारी पत्रा तापायचा. सगळ्या घरात मोरीचीच काय ती फरशी गार. म्हणून रोज दुपारी त्या कुत्रीला तिथं ठेवायच्या, टपात नळाची धार सोडायच्या आणि ती उन्हात येऊ नये म्हणून कडी घालून दाराबाहेर वाचत बसायच्या. त्या दिवशी औषधाच्या दुकानात गेल्या. दोन मिनिटांचं काम. तिथंच कोसळल्या. शुद्ध आली तेव्हा वाचा गेलेली होती. भाऊ येऊन आपल्या गावी घेऊन गेला. कुत्री घरात आहे हे त्यांना सांगायचं होतं, पण तोंडातून भलतेच शब्द यायचे. भावाला वाटलं, बहीण पाणी मागते आहे.

"नळ," बाई म्हणाल्या. "मी... मुद्दाम... बारीक सोडला होता."

किल्लीवाल्याला तो नळ आठवला. नळ गळका असता तर टाकी संपेपर्यंत थेंबथेंबच पडला असता. ती धार होती, बारीक, एकसारखी, कुणीतरी हातानं नेमकी जुळवलेली. बोटांच्या कामावर पोट भरणाऱ्या माणसाला हे तेव्हाच कळायला हवं होतं.

"संध्याकाळी घरी या," तो म्हणाला आणि पत्ता सांगितला.

घरी बातमी सांगितली तेव्हा उलटंच झालं. कुत्र्यांवरून आयुष्यभर नवऱ्याला बोलणारी बायको कात्री आपटून उठली. "नाही द्यायची! आजारी पडली तेव्हा रात्ररात्र मांडीवर घेऊन कोण बसलं? मी बसले. आता आयती घेऊन जाणार?" आणि तीन वर्षं कडीसाठी भांडणारी मुलगी म्हणाली, "तिचीच आहे ना गं ती आई? द्यायला हवी." एवढं बोलून तीच रडायला लागली. किल्लीवाल्याला दोघींचंही पटत होतं, म्हणून तो कुणाच्याच बाजूनं बोलला नाही. त्यामुळे दोघीही त्याच्यावर चिडल्या.

संध्याकाळी बाई आल्या. जिना, गॅलरी आणि खोका यांनी घर डोक्यावर घेतलं. मोरी पुढे आली, काठी हुंगली, पायताण हुंगलं. बाई कशाबशा खाली वाकल्या. "चिंगी," त्या म्हणाल्या. "चिंगे, बघ ना." पण आजारानं तो आवाजच बदलला होता, शब्द जाड आणि ओढलेला येत होता. अंगाला औषधाचा वास. मोरीनं एकदा वर पाहिलं, शेपूट जरासं हलवलं, पाहुण्यांसाठी हलवतात तेवढंच, आणि बायकोच्या पायाशी जाऊन बसली.

बाईंनी आणखी दोनदा हाक मारून पाहिली. मग सावरून उभ्या राहिल्या. "विसरली. बरं झालं," त्या म्हणाल्या. "सुखी आहे. राहू दे... इथंच." आणि तोंड धुऊन येते म्हणून मोरीत गेल्या, आणि सवयीनं दार लावून घेतलं.

कुणाला थांबवायचं सुचलंच नाही. घरची तिघंही श्वास रोखून बसली, आता मोरी गळा काढेल म्हणून. आतून नळाचा आवाज आला. आधी जोरात, मग कमी. बाईंचं रडणं ऐकू येऊ नये म्हणून असेल, त्यांनी नळ बंद केला नव्हता. बारीक धार टपात पडत राहिली.

मोरीचे कान उभे राहिले. ती उठली, बंद दारापाशी गेली आणि फटीला नाक लावून आडवी झाली. रडली नाही. शेपूट हळूहळू फरशीवर आपटत राहिली. तीन वर्षांत त्या घरात बंद दारापाशी ती अशी स्वस्थ कधी पडली नव्हती.

किल्लीवाला बघत राहिला. आत बाईंना काही दिसत नव्हतं. त्यांनी कुत्री सोडून दिली होती, आपल्या तोंडानं. आता फक्त मोरीला हळूच उचलून आतल्या खोलीत न्यायचं, बाई बाहेर येतील, नमस्कार करतील आणि जातील. त्यानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं पदर तोंडाला लावला होता. तिनं मान हलवली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. आणि किल्लीवाल्याच्या लक्षात आलं, की मोरीला बंद दाराचं भय कधी नव्हतंच. दाराआडचं माणूस परत येत नाही, एवढंच तिला ठाऊक होतं, आणि ती ज्या माणसासाठी गळा काढत होती, त्याच माणसाच्या नावानं आपण बोटं मोडत होतो.

तो उठला. आयुष्यात अनेक दारं त्यानं उघडली होती, पण एवढं जड पाऊल कधी टाकलं नव्हतं. त्यानं दारावर टिचकी मारली.

"बाई, दार उघडा," तो म्हणाला. "बाहेर कुणीतरी तुमची वाट बघतंय."

पुढचं सांगण्यात अर्थ नाही. बाई ओल्या फरशीवरच बसल्या होत्या आणि मोरी त्यांच्या मांडीत शिरली होती, एवढं मोठं अंग घेऊन. बायकोनं आधी नळ बंद केला, पाणी वाया जातं म्हणून, आणि मग तीही तिथंच खाली बसली.

निघताना बायकोनं मोरीचं भांडं, औषधाची बाटली आणि तिची शाल बांधून दिली. काय खाते, कशानं पोट बिघडतं, हे सगळं दोनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा सांगायला लागली तेव्हा मुलीनं तिला धरून बाजूला केलं. बाई उंबऱ्यावर थांबल्या. डाव्या हातानं पिशवीत चाचपून त्यांनी दुपारची नवी किल्ली काढली आणि किल्लीवाल्यापुढे धरली.

"ही... तुमच्यासाठीच केली होती," त्या म्हणाल्या. "चिंगी मिळाली तर द्यायची, असं ठरवलं होतं. मागच्या गल्लीत, तळमजल्यावर. मी एकदा बाहेर गेले आणि आले नाही, तर दार उघडा. तिसऱ्या दिवशी नको. त्याच दिवशी."

उस्तादाचा नियम होता. किल्लीवाल्यानं हात पुढे केला आणि ती घेतली.

बाई मोरीला घेऊन गेल्या. आता कुठलंही दार लावलं असतं तरी चाललं असतं. मुलगी पुस्तकं घेऊन आपल्या खोलीत गेली, दाराला हात लावला, आणि वीतभर उघडं ठेवून आत जाऊन बसली. थोड्या वेळानं खोका त्या फटीतून आत शिरला. किल्लीवाल्यानं भिंतीवर पट्टे टांगायच्या चार खिळ्यांपैकी जो रिकामा झाला होता, त्याला ती किल्ली अडकवली. मग पायताण घातलं आणि बायकोला म्हणाला, "मागच्या गल्लीत जाऊन येतो. दिवा लागलाय का तेवढं बघून."