भट्टीतली ओ

"उठायचं म्हटलं तर आधी कंबरेची परवानगी काढावी लागते, बाबा. ती म्हणते, बस. मग मी आपली बसते. आता तू तरी नाही म्हणू नकोस."

"ताई, सतरांदा सांगितलं," भट्टीवाला म्हणाला. "भट्टी म्हणजे काय दवाखाना आहे?"

"दवाखान्यात भट्टीपेक्षा जास्त भाजून झालंय माझं."

कपबशांच्या कारखान्यात ती माल बांधायला होती. कप उचलायचा, नखानं टिचकी मारायची. धड कप खणकन ओ देतो, चीर गेलेला बद्द वाजतो. धड तो पेंढ्यात गुंडाळून खोक्यात. असं वाकून वाकून कंबर गेली. गोळ्या झाल्या, सुया झाल्या, पट्टा झाला, पायाला वजनं टांगून झाली. शेवटचा डॉक्टर फोटो उजेडाला धरून म्हणाला, "यात तर काहीच दिसत नाही." ती म्हणाली, "मला तरी कुठं दिसतंय?" घरी सुनेचं मत, सासूबाईंना भांडी घासायच्या वेळेलाच बरं दुखतं.

सुटका एकदाच झाली होती. घाईचा माल होता म्हणून भट्टी नीट निवायच्या आत उघडली. कप काढताना तिनं जरा टेकायला पाठ भिंतीला लावली. विटांची ऊब हाडात मुरली आणि दुखणं न सांगता उठून गेलं. तेव्हापासून तिचा एकच धोशा.

भट्टीवाला बधत नव्हता. का, ते साऱ्या कारखान्याला ठाऊक होतं. त्याचा थोरला भाऊ याच भट्टीवर होता. गुडघे धरले की उबेला आत जाऊन पडायचा. एका दुपारी शेजारच्या पेटत्या भट्टीचा धूर भिंतीच्या फटीतून आत आला. धाकटा बाहेरच तंबाखू मळत होता. दादा झोपलाय, झोपू दे, म्हणून त्यानं हाक मारली नाही. त्यानंतर भट्टीचं दार विटांनी लावण्याआधी तो आत हाक मारायचा आणि कान लावून उभा राहायचा. आधी लोक हसले. मग हसायचे थांबले.

"दादाचा चेहरा मी बघितला होता," ती म्हणाली. "एक आठी नव्हती रे कपाळावर."

"त्याचंच भ्या वाटतं मला."

"मला मरायचं नाही. घटकाभर माणसासारखं पडायचंय."

शेवटी शेजारची भट्टी पुरती गार असलेल्या दिवशी त्यानं आपल्या उबदार भट्टीचं दार सताड उघडलं. "मी हाक मारीन. ओ नाही आली, तर पाय धरून फरफटत काढीन. कंबर मोडली तरी."

"मोडकीला काय मोडतोस?"

आत ती भिंतीला लागून आडवी झाली. "ताई!" "ओ." ऊब पाठीत शिरली. "ताई!" "ओ." पण ओ द्यायची म्हणजे दर खेपेला दुखण्यापर्यंत परत यावं लागत होतं. एकदा तिनं नाहीच दिली. किती हलकं होतं सगळं! भिंतीकडच्या अंधारात गुडघे पोटाशी घेऊन कुणीतरी पडलंय, असं वाटलं. तिला भीती वाटली नाही. जागा दोघांना पुरेशी होती.

मग दारातून हाक आली. तिला नव्हती.

"दादा! ए दादा, ऊठ की रे!"

आवाज पार पोरासारखा झाला होता. ज्याची हाक त्यानं ओ द्यावी, म्हणून ती थांबली. अंधार गप्प राहिला.

"ओ," ती म्हणाली.

भिंत धरत बाहेर आली, तर तो हातातली वीट घट्ट धरून पाठमोरा उभा होता.

"किती वेळ लावलास," तो म्हणाला. कुणाला म्हणाला, ते तिनं विचारलं नाही.

"पुन्हा येऊ का रे?"

तो वीट खाली ठेवून कच्च्या मालाकडे वळला.

ती खोक्यांपाशी पोचेपर्यंत दुखणं परत येऊन जागेवर बसलं होतं. दिवस कलताना त्यानं भट्टीत कच्चा माल भरला आणि दार लावायला घेतलं. विटेवर वीट बसल्याचा आवाज येत राहिला. ती हाकेची वाट बघत होती. हाक आली नाही. शेवटची वीट बसली, वर चिखल थापल्याचाही आवाज आला.

तिनं अंगावर आलेला काटा पदरानं झाकला, पुढचा कप उचलला आणि टिचकी मारून कानाशी धरला.