नकाशाकाकूंचा कोंबडा

गल्लीत त्यांना सगळे नकाशाकाकू म्हणत. पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढण्यात त्यांची उभी हयात गेली होती. कुणी पत्ता विचारला की त्या सांगत, "तो सहा इंची पाइप डावीकडे वळतो ना, त्याच्या पुढचं घर." बिचारा आधी नुसता चुकलेला असायचा, आता पार हरवायचा.

पण खुद्द काकूंच्या मते आयुष्यात त्यांच्या हातून एकच खरं काम झालं. ते म्हणजे कोंबडा.

खात्यात पहिलावहिला कॉम्प्युटर आला तेव्हाची गोष्ट. त्याला प्लॉटर नावाचं टेबलाएवढं यंत्र जोडलेलं होतं. त्याच्या खोबण्यांत चार पेनं खोचायची. मग ते हुकमाप्रमाणे एकेक पेन उचलून कागदावर रेघा ओढायचं. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे डबे उघडत, तेव्हा काकू आकड्यांतून हुकूम सोडत बसायच्या: पेन खाली, इथून तिथे, पेन वर. कित्येक डबे असे थंड झाल्यावर कागदावर कोंबडा उभा राहिला. काकूंनी तो चौकटीत घालून स्वयंपाकघरात शेगडीच्या वर लावला.

थोरल्या जाऊबाई भांडी विसळत होत्या. त्यांनी मान वर केली, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "किटली छान आहे हो."

झालं! पुढे मुलं मोठी झाली, चुली वेगळ्या झाल्या, जाऊबाई वरच्या मजल्यावर राहायला गेल्या, पण किटली काही त्यांच्या तोंडातून गेली नाही. दरम्यान ऊन आणि वाफ खाऊन चित्राची शाई उडत गेली आणि चौकटीत नुसता पांढरा कागद उरला. "दूध उतू गेलेलं दिसतंय," जाऊबाई म्हणाल्या.

त्यामुळे वाचनालयात कॉम्प्युटरवरच्या जुन्या चित्रांचं प्रदर्शन भरणार असं कळल्यावर काकूंनी कोंबड्याचे हुकूम साठवलेली कपाटातली फ्लॉपी बाहेर काढली. चारचौघांनी एकदा कोंबड्याला कोंबडा म्हटलं, की जाऊबाईंचं तोंड कायमचं बंद!

फ्लॉपी गेली वायरमामांकडे. अडगळीतली यंत्रं जिवंत करणं हा मामांचा धंदा. त्यांनी कापसाने फ्लॉपी पुसली, तिच्यावर हळूच फुंकर मारली आणि एका पुरातन डब्यात सरकवली. डबा झोपेतून उठवलेल्या आजोबांसारखा खाकरला, कुरकुरला आणि शेवटी पडद्यावर एकेक रेघ दाखवू लागला. सगळ्या रेघा शाबूत!

"पण काकू, रंग कुठले द्यायचे?"

"फाइलीत असतील की."

"फाइल म्हणते, एक नंबरचं पेन घे, दोन नंबरचं पेन घे. एक नंबरच्या खोबणीत तुम्ही काय खोचलं होतं, ते तिला बिचारीला काय ठाऊक?"

काकू हसल्या. खात्याचा नियम त्यांना तोंडपाठ होता. एक, निळं: पिण्याचं पाणी. दोन, तपकिरी: सांडपाणी. तीन, हिरवं: नवा पाइप. चार, लाल: बंद व्हॉल्व्ह. "तुरा चार नंबरला होता. लाल! लावा."

मामा छापील कोंबडा घेऊन घरी आले. तुरा लालबुंद. काकूंनी तो जवळून पाहिला, लांबून पाहिला, आणि त्यांचा चेहरा पडला.

"कोंबडा आहे. पण माझा नाही."

"अगं, चांगला ऐटबाज तर आहे," काका म्हणाले.

"तुम्हाला आठवतं का हो, आपला कसा होता?"

"मला खिळा आठवतो. मी ठोकला होता."

"रोज बघणारं कुणी नव्हतं का?" मामांनी विचारलं. काकांनी छताकडे पाहिलं. छताच्या वर जाऊबाई होत्या.

काकू घुटमळल्या. लाल तुऱ्याचा कोंबडा तसाच टांगला असता तर लढाई जिंकल्यातच जमा होती. पण परक्याचा कोंबडा लावून कसलं जिंकणं? त्या छापील कागद घेऊन जिना चढल्या.

"जाऊबाई, माझ्या त्या चित्राचे रंग आठवतात का हो?"

"कुठल्या गं चित्राचे?" जाऊबाईंना पक्कं ठाऊक होतं.

काकू पुटपुटल्या, "किटलीच्या."

जाऊबाईंनी विणकाम बाजूला ठेवलं. "असं म्हण की! पोट तपकिरी. दांडा हिरवा, म्हणजे तुझी शेपटी. पाय निळे. आणि झाकण निळंशार."

"झाकण?"

"तुझा तुरा गं! निळा तुरा कुठल्या कोंबड्याला असतो? म्हणून तर मी पहिल्या दिवसापासून किटली म्हणते."

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. साहेब! लाल पेन कायम साहेबांच्या खिशात असायचं, रजेचे अर्ज कापायला. रिकामी खोबणी दिसली की यंत्र अडून बसायचं, म्हणून चौथ्या खोबणीत दुसरं निळं पेन खोचलेलं असायचं.

"आणि पंखावर एक रेघ दोनदा ओढलीयेस," जाऊबाई म्हणाल्या. काकूंनी हातातला कागद डोळ्यांजवळ नेला. खरंच दोनदा होती. हे त्यांना स्वतःला आजवर दिसलं नव्हतं.

"तुम्ही इतकं बघितलंत?"

"दूध तापेपर्यंत दुसरं करणार काय?"

प्रदर्शनात निळ्या तुऱ्याचा कोंबडा लागला. जाऊबाई ठेवणीतली साडी नेसून त्याच्या शेजारीच उभ्या. एक गृहस्थ पुढे आले, चष्मा सरसावून म्हणाले, "वा! किटली काय झकास साधलीय!"

"किटली?" जाऊबाई कडाडल्या. "डोळे तपासून घ्या! कोंबडा आहे तो, कोंबडा!"

गृहस्थ पायाला पाय लावून पळाले. काकूंना हसावं की रडावं कळेना. जाऊबाईंनी पदर सारखा केला आणि काकूंच्या कानाशी लागल्या, "ते लोकांसमोर हं. पण आता खरं सांग, तोंडातून वाफ का येतेय त्याच्या?"

"वाफ नाही हो जाऊबाई, बांग आहे ती!"