जामीनकाका

सही करण्याआधी ते पेन स्वतःच्या तळहातावर चालवून बघायचे. त्यामुळे त्यांचा डावा तळवा कायम निळा. "कुठे करू, तेवढं दाखव," म्हणायचे आणि मजकुराकडे ढुंकूनही न बघता सही ठोकायचे.

हिंदी मुलखातल्या बरखेड्याच्या आमच्या कारखाना-क्वार्टर्समध्ये सगळे त्यांना जामीनकाका म्हणत, अगदी तोंडावर. कारखान्याच्या पतसंस्थेतून कर्ज काढायचं तर ते फिटेपर्यंत नोकरीत राहील असा एक सहकारी जामीन लागायचा, आणि तो बहुतेक वेळा हेच असायचे. पतसंस्थेतला बाबू वैतागायचा, "दादा, पढ़ तो लिया करो!" यांचं उत्तर ठरलेलं, "लड़के को जानता हूँ भैया, काग़ज़ पढ़के क्या करूँ?" घरी काकू कपाळावर हात मारून घ्यायच्या. आमच्या ओळीतली निम्मी इंजिनियर मंडळी त्या निळ्या तळव्यानं घडवली, असं मी तरी म्हणते. तुमच्याही कॉलनीत असं एखादं माणूस असेल, तर तुम्हाला हे पटेल.

मला पुण्याच्या एका नावाजलेल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा आईनं आधी पेढे वाटले आणि मग फीचा आकडा वाचला. शिष्यवृत्तीसाठी बाबांचा पगार जास्त होता, फीसाठी कमी. बँकेला तारण हवं होतं आणि आमचं घर कंपनीचं. उरली पतसंस्था. पण त्या दिवसांत सगळ्यांचीच मुलं कुठे ना कुठे लागत होती. बाबा ज्याला विचारत, तो आधीच कुणाचा तरी जामीन असायचा.

जामीनकाका मात्र शेवटच्या जामिनातून नुकतेच मोकळे झाले होते, आणि झाल्या झाल्या त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाकला होता. मिरजेला काकूंच्या बहिणीशेजारी त्यांनी छोटं घर घेतलं होतं. काकूंनी तर खिडक्यांचे पडदेसुद्धा काढून ट्रंकेत भरले होते. बाबा त्यांच्याकडे गेले, उघड्या ट्रंका पाहिल्या, चहा प्यायले, उन्हाबद्दल बोलले आणि तसेच परत आले. "जाऊ दे, इथल्याच कॉलेजात घालू तिला," ते आईला म्हणाले. मी आतल्या खोलीत ऐकत होते. भांडावं तरी कुणाशी?

संध्याकाळी काका दारात. पेन तळहातावर चालवतच आत आले.

"तुम्ही कधी नुसता चहा प्यायला येता का हो? कुठे करू, ते दाखवा."

"अहो, पण तुमचा अर्ज..." बाबा चाचरले.

"घेतला मागे. मिरज काय पळून जाते?"

दिवाळीत मी घरी आले, तेव्हा त्यांच्या खिडक्यांना पडदे परत लागले होते. ट्रंकेतल्या घड्या अजून दिसत होत्या. काकू एका शब्दानं कडू बोलल्या नाहीत, उलट चकल्यांचा डबा भरून दिला. मला मात्र त्या खिडकीकडे बघवत नसे.

नोकरी लागल्यावर मी आधी ते कर्ज फेडलं आणि लगेच फोन केला. "काका, फिटलं!"

पलीकडे फोन हातात तसाच धरून त्यांनी घरात हाक मारली, "अगं, ऐकलंस का? पडदे काढ!"

पुढच्या खेपेला मी बरखेड्याला गेले, तेव्हा ते दोघं मिरजेला निघून गेले होते. उघड्या खिडकीतून थेट मागच्या अंगणातलं पेरूचं झाड दिसत होतं. इतकी वर्षं मला वाटायचं, ते पडदे निघाले की जीव हलका होईल. आता ते निघाले होते, आणि मी त्यांच्या फाटकाला धरून रडत होते.