मारुतीसमोरची गत

पंचवटीत आमच्या घरासमोर मारुतीचं देऊळ आहे. लग्नाआधी नवरदेव घोड्यावरून तिथे पाया पडायला येतो आणि तेवढ्यापुरता बँड थांबतो. एका बँडचे मास्तर मात्र थांबत नाहीत. लाल कोट, मेंदी लावलेले केस, हातात क्लॅरिनेट. नवरदेव आत गेला आणि नाचणारे पाणी प्यायला पांगले, की ते उजवा हात उचलतात आणि वादक एखादी जुनी रागदारी गत सुरू करतात. पूर्वीचे बँडवाले अशाच गती वाजवायचे. मास्तरांनी घोटी-देवळ्यापर्यंत फिरून, थकलेल्या वादकांच्या उशाशी बसून त्या गोळा केल्या. नवरदेव बाहेर आला की हात खाली, आणि सिनेमाचं गाणं चालू.

"मधेच तोडायला जिवावर येत नाही?" मी एकदा विचारलं.

"तो आत असेतो वेळ आपला," ते म्हणाले. "बाहेर आला की त्याचा."

गेल्या उन्हाळ्यात एक नवरदेव बाहेर येऊन पायरीवरच उभा राहिला. मास्तरांचा हात खाली आलेला पाहून म्हणाला, "होऊ द्या ना मास्तर, पुरी होऊ द्या."

मास्तरांनी हात पुन्हा उचलला, पण कुणीच वाजवेना. मी आमच्या फाटकाशीच होतो.

"पुढचं यांना शिकवलंच नाही," मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले. "कधी लागलंच नाही."

मग त्यांनी क्लॅरिनेट ओठांना लावलं आणि उरलेली गत एकट्यानेच वाजवली.

आता सगळ्या वादकांना शेवट येतो. नवरदेव बाहेर आला की मास्तर हात खाली आणण्याआधी जरा त्याच्या तोंडाकडे बघतात.