बोलत राहा, तरंगाल

आमची आत्या पोस्टातून निवृत्त झाली आणि तळ्यात उतरली, ती अजून बाहेर आलेली नाही. रोज सकाळी सात ते नऊ, धक्क्याच्या डाव्या अंगाला छातीभर पाण्यात उभी राहून ती पन्नाशीपुढच्या बायकांना पोहायला शिकवते. मुलांना शिकवत नाही. मुलं आपोआप शिकतात, बायकांना आधी सैल करावं लागतं, असं तिचं म्हणणं.

तळं तसं लहानच. सावकाश चक्कर मारली तरी अर्ध्या तासात माणूस घरी. पायाने चालवायच्या चार बोटी, बाकांवर पेपर वाचणारे म्हातारे, कुंपणावर वाळणारे टॉवेल आणि या सगळ्यावर आत्याचा आवाज. तिची पद्धत जगावेगळी. बाईला पाठीवर झोपवायचं, कमरेखाली तळहात धरायचा आणि विचारायचं, घरात कोणाचा राग येतो? की झालं. सासू, सून, नवरा, वरच्या मजल्यावरची शेजारीण, एकेकीच्या तोंडाचा पट्टा सुटतो. बोलणाऱ्याला श्वास घ्यावाच लागतो आणि श्वास घेणारा बुडत नाही, एवढंच तिचं शास्त्र. शंभरेक बायकांची गाऱ्हाणी तिच्या पोटात आहेत, पण कोणाला ताकास तूर लागू देत नाही.

आईने मात्र सहा वर्षं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. बाबांच्या आजारपणात शेवटचे तीन महिने आत्या, त्यांची सख्खी बहीण, आमच्याकडे फिरकलीच नाही. तळ्याच्या या काठाला आम्ही, त्या काठाला ती. तिच्या दोरीवरचे कपडे आम्हाला ओळखू यायचे, एवढंच अंतर. बाबा गेले तसा आईने त्या बाजूच्या खिडकीला जाड पडदा लावला आणि विषय संपवला. मी मध्ये पडले नाही. मला माझा जीव प्यारा आहे.

मग आईचे गुडघे बोलायला लागले. रोज पाण्यात व्यायाम करा, नाहीतर वर्षभरात खुर्चीत बसाल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. आम्ही शहरातले दोन तरणतलाव पाहून आलो. एकाच्या पायऱ्या उंच, दुसऱ्याचा शिक्षक उद्धट. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे मी मोठ्या कष्टाने तोंडातच ठेवलं. शेवटी एका मंगळवारी आईच टॉवेल घेऊन दारात उभी राहिली.

"चल तुझ्या आत्याकडे. शिकवणी आहे, नातं नाही."

आत्याने तिला पाहिलं आणि जागा केली. कसं काय नाही, बरं आहे ना नाही. मी शेजारी कमरेइतक्या पाण्यात उभी राहिले. आई पाठीवर आडवी झाली ती फळीसारखी ताठ, ओठ गच्च मिटलेले. दोनदा नाकात पाणी गेलं. खोकून झाल्यावर आत्या सगळ्यांना विचारते तेच तिने आईला विचारलं.

"तुमचाच," आई म्हणाली.

"मग बोला, वहिनी."

आणि आई बोलली. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिच्या स्वयंपाकाला हसल्यापासून ते परत न केलेल्या कात्रीपर्यंत, तीस वर्षांतलं काही म्हणता काही सोडलं नाही. आत्याने खालचा हात कधी काढला ते मलाही कळलं नाही. आई तरंगत होती आणि भांडत होती. मला हसू येत होतं आणि तिचा फार अभिमान वाटत होता.

मग तिचा आवाज खाली आला.

"हे रोज खिडकीशी बसायचे, वन्सं. आज आली का, विचारायचे. मी काय सांगायचं त्यांना?"

शंभर बायकांना बोलतं करणारी माझी आत्या आईच्या कमरेखाली पुन्हा हात धरायला गेली. मग म्हणाली, "दादाला तसं बघायची हिंमत नव्हती. घाबरले होते मी."

आई आभाळाकडेच बघत होती.

"मग तसं सांगायचंत. मीही घाबरलेच होते. दोघी मिळून घाबरलो असतो."